चुकलेल्या गणिताचे आलुबोंडे

टेंभरे सरांचं गणित चुकलं की आमच्या स्टाफरूममध्ये आलुबोंडे यायचे. बरोबर आलं तर काहीच यायचं नाही. सर कागदाची घडी करून खिशात ठेवायचे आणि तासाला निघून जायचे. कॉलेजात नव्यानं आलेल्या माणसाला हा उलटा कारभार कळायला एखादं वर्ष जाई. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी. मला त्याहून जरा जास्तच वेळ लागला, कारण पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. गणिताच्या माणसांशी काय बोलणार, असं माझं मत होतं. टेंभरे सर सोडले तर ते अजून तसंच आहे.

सर उंच होते आणि चालताना थोडे पुढं झुकायचे, कुणाचं तरी हळू बोलणं ऐकत चालल्यासारखे. चष्म्याची डावी दांडी कायम सैल. बोलायच्या भरात चष्मा नाकावरून निघाला की मान मागं टाकून तो जागच्या जागी झेलायचे, हात लावायचे नाहीत. दांडी घट्ट करून घ्या, असं मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. त्यावर ते म्हणायचे, चष्मेवाल्याचं दुकान बाजारात आहे आणि बाजारात गेलं की लोक भेटतात. लोक भेटले की सर हमखास त्यांना आपला विषय समजावून सांगत, आणि विषय ऐकला की लोक नाक धरत.

विषय होता सांडपाण्याचा. जिवाणू सांडपाणी कसं साफ करतात, याचं गणित सर मांडायचे. आमच्या गोंदियाकडं राइस मिलांना तोटा नाही. उसना तांदूळ करायचा तर धान आधी गरम पाण्यात भिजवतात आणि मग वाफवतात. त्या भिजवणीच्या पाण्याला साठून जो आंबूस वास सुटतो, तो ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. हे पाणी एका टाकीत घ्यायचं, खालून ब्लोअरनं हवा सोडायची आणि टाकीत जिवाणू पोसायचे. ते घाण खातात, वाढतात, गाळ होऊन तळाशी बसतात, आणि वरचं पाणी नितळ निघतं. एवढं मलाही ठाऊक होतं. सरांना मात्र हे आधी सांगता यायला हवं होतं की घाण इतकी आली, हवा इतकी दिली, गाळ इतका राखला, तर पाणी कधी साफ होईल. त्यासाठी त्यांची समीकरणं होती. त्यात अन्नाचं नाव एस आणि खाणाऱ्यांचं नाव एक्स.

त्यांच्या कॉम्प्युटरवर एक निळी रेघ असायची, ते सरांचं भाकीत. तिच्या आसपास लाल ठिपके असायचे, ती एखाद्या मिलच्या टाकीतली खरी मोजमापं, आणि ती करून द्यायचं काम पुढं माझ्या गळ्यात पडलं. ठिपके रेघेवर बसले की सर खट्टू होत. हे त मालूमच होतं, म्हणत. ठिपके रेघ सोडून भटकले की त्यांचा चेहरा खुलायचा. एरवी शुद्ध बोलणारे सर अशा वेळी घरच्या बोलीवर यायचे.

"मॅडम, टाकी काहीतरी बोलून राहिली," ते म्हणायचे. "आयका."

मग दोन-चार दिवस ते कुणाचेच नसत. चूक कुठं झाली ते सापडलं की शिपायाला पैसे देऊन कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पिटाळत. नियम पक्का होता. नुसतं चुकून भागत नसे. का चुकलं ते कळल्याशिवाय आलुबोंडा नाही.

त्यांच्या पुतणीच्या लग्नातला प्रकार तर आमच्याकडं अजून सांगतात. जिवाणूंपुढं अन्न वाढवलं की त्यांचा खाण्याचा वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढं कितीही ओता, वेग तोच. हे मुलांना कसं समजवावं, या विचारात सर वरपक्षाच्या पंगतीत वाढायला उभे होते. समोर नवरदेवाचा काका बसलेला, देहानं भरभक्कम. ताटात एक पुरी असताना काका कसे जेवतात आणि ढीग पडल्यावर कसे, हे सर घड्याळ हातात धरून बघू लागले. काकांच्या ते ध्यानात आलं. घास हातात ठेवून त्यांनी विचारलं, काय मोजून राहिले जी? सरांनी खरं ते सांगितलं. तुमचं खानं नाही मोजत जी, वेग मोजून राहिलो.

काका ताटावरून उठले. त्यांच्यामागं आणखी काही मंडळी उठली. मांडवात धावपळ झाली, सरांच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. शेवटी सर स्वतः काकांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांना सगळं समजावलं: एस, एक्स, पुरी, मर्यादा. काकांना किती समजलं कोण जाणे. पण आजच्या पंगतीत सगळ्यात वरचा वेग तुमचाच निघाला, हे वाक्य त्यांना बरोबर समजलं. ते परत बसले आणि त्यांनी जिलेबी मागवली. त्या वर्षापासून सरांच्या वर्गात वेगाच्या त्या मर्यादेला काकाचा आकडा म्हणू लागले, आणि एका पठ्ठ्यानं तर विद्यापीठाच्या पेपरात तसंच लिहिलं. तपासणाऱ्यानं मार्क दिले की नाही हे सरांनी पुष्कळ दिवस शोधलं.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती मायक्रोस्कोपमुळं. टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन ते माझ्या प्रयोगशाळेत आले आणि दारातच उभे राहिले. बोलता बोलता कळलं की आयुष्यभर ज्या एक्सची गणितं मांडली, तो एक्स त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी काचेवर एक थेंब ठेवला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. गाळाच्या कणावर देठ रोवून घंटेसारखे जीव उभे होते. तोंडाभोवतीचे बारीक केस फिरवत ते जिवाणूंना ओढून गट्टम करत होते. मधेच एखादा दचकून देठ गुंडाळायचा आणि पुन्हा हळूहळू उभा राहायचा.

सरांनी डोळा लावला तो लावलाच. मग डोळा न काढताच त्यांनी मला विचारलं, हे सगळे जेवून राहिले का? मी हो म्हटलं.

"आणि मी या सगळ्यायले एक अक्षर समजत होतो," सर म्हणाले.

पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी शिपाई, ग्रंथपाल, ऑफिसातले क्लार्क अशा सगळ्यांना बोलावून तो थेंब दाखवला. प्राचार्य मीटिंगमध्ये होते, त्यांनाही उठवून आणलं. त्या दिवसापासून वर्गात सर एक्सला एक्स म्हणेनासे झाले. 'ही मंडळी' म्हणायला लागले. आणि माझं टाकीच्या पाण्याचं काम तिथूनच सुरू झालं, ते कायमचं.

आता त्या बोडीकडं येते. बोडी म्हणजे आमच्याकडचा गावतलाव, मोठ्या तलावाचं धाकटं भावंड. सरांचं गाव सालेकशाच्या रस्त्याला. गावाच्या वरच्या अंगाला एक राइस मिल, तिच्याजवळून निघालेला नाला गावाखालच्या बोडीत येतो. त्या बोडीत धिवरांच्या बायकांचा गट मासे आणि शिंगाडा घ्यायचा. देवकाबाई त्या गटाच्या प्रमुख. लागोपाठ दोन वर्षं मिलच्या पाण्यानं मासे उलटे होऊन वर आले, शिंगाड्याचे वेल कुजले. तिकडं त्याच गावातल्या पुष्कळ बायका मिलमध्ये कामाला. त्यामुळं उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत मांडवाचे सरळ दोन भाग पडले. एकाच घरातली एक जाऊ इकडं, दुसरी तिकडं, आणि मधली सतरंजी रिकामी. सरांच्या स्कूटरवर मागं बसून मी पाणी मोजणारी म्हणून गेले होते, आणि कुठं बसावं तेच मला कळेना.

मिलला कुलूप लावायचा ठराव होत आला, तेव्हा सर उठले. ते म्हणाले, मिलच्या शेठनं हवेची टाकी बांधायला घेतली आहे, टाकीचं गणित मी मांडलं आहे. मंडईपर्यंत बोडीचं पाणी साफ होईल. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, दंडारीचे खेळ होतात, लेकी-जावई, पाहुणे सगळे गावात असतात. तोवर थांबा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

देवकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"सर, तुमी कागदावर सांगून राहिले. बोडी कागदावर नाही जी. मंडईच्या दिवशी सोता पान्यात उतरान का?"

"उतरीन," सर म्हणाले. "डोक्यावरून आंघोळ करीन."

अख्खी सभा हसली, दोन्ही बाजू एकदम. मला कारण कळेना. मग शेजारच्या बाईनं सांगितलं की लहानपणी सर म्हशीवरून याच बोडीत पडले होते आणि तेव्हापासून त्यांनी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातलेला नाही. पाण्याचं गणित मांडण्यात जन्म गेला आणि माणूस पाण्याला घाबरतो, हे गावाला पिढीभर पुरलं होतं. ठरलं असं की मंडईला बोडीतले मासे जिवंत राहिले आणि सरांनी आंघोळ केली, तर मिल चालेल. नाहीतर कुलूप.

पावसाळ्यात टाकी छान लागली. ठिपके रेघेवर बसत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच सर त्यानं खूश होते. मिलचा फोरमन सुखदेव टाकी बघायचा. कामाला वाघ आणि बोलायला लाजरा. सरांनी त्याला समजावलं की गाळ साठू द्यायचा नाही, काढत राहायचा. त्यानं ते मनावर घेतलं. इतकं घ्यायला नको होतं.

पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नारबोद असते, तिचा पुतळा निघतो. रोगराई, ढेकूण, मच्छर सगळं घेऊन जा, असं नारबोदीला ओरडून सांगत तिला गावाबाहेर नेतात, आणि घरातली घाण त्या दिवशी घरात ठेवत नाहीत. सुखदेवच्या मनात आलं, सर एवढे आपल्या गावासाठी राबून राहिले, त्यांची टाकी आपण घाण कशी ठेवावी? त्यानं आणि त्याच्या गड्यांनी अख्खी टाकी उपसली. गाळ गाडीत घालून नारबोदीच्या मागोमाग शिवेबाहेर नेला. भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्या, काठाला चुना मारला आणि वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मग सरांना फोन केला की मॅडमलाही आणा.

आम्ही गेलो. टाकी लग्नघरातल्या घासलेल्या गंज-पातेल्यासारखी लखलखत होती. दोन-अडीच महिने पोसलेली मंडळी शिवेपार गेली होती आणि राहिलेली ब्लीचिंगनं मेली होती. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. सुखदेवचं तोंड उतरलं. तो सरांकडं बघून पुटपुटला, तुमीच त म्हनले होते जी, गाळ काढत राहा मनून.

सर काठावर उभे राहून रिकाम्या टाकीत बघत राहिले. मला वाटलं आता माणूस खाली बसतो. तर त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं. मॅडम, म्हणाले, हिची सुरुवात आपण कधी नीट मोजलीच नव्हती. शून्यापासून ही मंडळी कशी वाढतात ते आता दिसेल. मग सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चूक माझी. काढत राहा सांगितलं, ठेवायचा किती ते सांगितलं नाही. गावात माणूस पाठवून त्यांनी आलुबोंडे आणवले आणि आम्ही ते त्या तोरणाखाली बसून खाल्ले. सुखदेवच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझ्याही नव्हता, पण रागानं.

परत येताना रेल्वे फाटकाशी गाडी अडली. सर स्कूटर बंद करून हळूच म्हणाले, मी मनात मांडून पाहिलं. दुसरीकडून गाळ आणून नव्यानं सुरू केलं तरी बोडी साफ व्हायला कार्तिक पौर्णिमा उलटेल. मंडई तर त्याच्या कितीतरी आधी. मालगाडी डबा डबा करत गेली. फाटक उघडलं, तसं सरांनी तोंड फिरवून गाडी पुन्हा गावाकडं घेतली. देवकाबाईंच्या अंगणात जाऊन त्यांनी सांगितलं की टाकी रिकामी झाली, चूक माझी आहे, आणि माझ्या गणितानं आता मंडई गाठता येत नाही. सुखदेवचं नाव त्यांनी घेतलं नाही. देवकाबाई जाळं विणत होत्या. त्यांनी सरांना चहा दिला, पण मुदत दिली नाही. सबद दिला त दिला, म्हणाल्या. सरांनी मान डोलावली आणि चहाबद्दल आभार मानले.

मग लागली घाई. टाकी नव्यानं लावायची तर विरजण हवं, म्हणजे दुसऱ्या चालू टाकीतला जिवंत गाळ. तो होता गोंदियातल्या एका दुसऱ्या मिलमध्ये, आणि दोन्ही मिलच्या शेठांचं एकमेकांशी बोलणं बंद. सर सरळ तिथं जाऊन उभे राहिले आणि दह्याचं विरजण मागावं तसा त्यांनी गाळ मागितला. तो शेठ एवढा चकित झाला की नाही म्हणायचं राहून गेलं. निळे ड्रम टेम्पोत चढवून आम्ही भर बाजारातून निघालो. एका ड्रमचं झाकण वाटेत उडालं. चौकातल्या ट्रॅफिक हवालदारानं आधी हात केला, मग वास आला, तसा तोच हात नाकाला लावून त्यानं आम्हाला सगळ्यांच्या आधी सोडलं. ड्रम परत पाठवायची वेळ आली तेव्हा सर आपल्या शेठला म्हणाले, विरजणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेठनं कुरकुर करत ड्रम धुऊन त्यात तांदळाचे कट्टे म्हणजे छोटी पोती ठेवली. दोन्ही शेठ त्यानंतर बोलायला लागले, ते अजून बोलतात.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि शेठच्या ऑफिसातला एसी बिघडला. बिघाडही विचित्र. एरवी चालायचा, पण लाईन म्हणजे वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की दिवे लागायचे, पंखा लागायचा, एसी मात्र ढिम्म. गोंदियाहून मेकॅनिक आला. तो आला तेव्हा लाईन होती, त्यामुळं एसी छान चालत होता. तो फी घेऊन गेला. शेठ टॉवेल गळ्यात घालून निंबाखाली खुर्ची टाकून बसू लागले. मला म्हणाले, मॅडम, मशीन में कोई खराबी नहीं, बस गर्मी में नहीं चलता.

इकडं ठिपक्यांनी नवंच खूळ काढलं. ते रेघेच्या खाली उतरायला लागले. म्हणजे पाणी सरांच्या गणितापेक्षा लवकर साफ होत होतं. कुणीही आनंदानं नाचलं असतं. सर अस्वस्थ झाले. आधी त्यांनी माझ्या बाटल्यांवर संशय घेतला, मग माझ्या रसायनांवर. माझ्या चाचण्या कधी चुकल्या नाहीत, असं मी त्यांना ऐकवलं आणि दोन दिवस अबोला धरला. लाईन रोज किती जाते, ब्लोअर किती बंद राहतो, तेही त्यांनी गणितात धरलं होतं. सगळं पुन्हा मांडलं. रेघ होती तिथंच, ठिपके खालीच. आलुबोंडे आले नाहीत. कारण कळत नाही तोवर हे साफ पाणी आपलं नाही, असं सर म्हणत. ते पाहून मला राग यायचा आणि त्यांची मायाही यायची.

मंडईचा दिवस उजाडला. पाळणे फिरत होते, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, आणि लोक मात्र सगळे बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. दोन्ही जावा शेजारी उभ्या होत्या, कारण पुढची जागा एकच होती. देवकाबाईंनी काही दिवस आधी एका जाळ्यात रोहूची पिल्लं घालून बोडीत सोडली होती. ते जाळं त्यांनी वर ओढलं. पिल्लं उन्हात थडाथड उडाली आणि पाळीवर एकच गलका झाला. देवकाबाईंनी जाळं हळूच पाण्यात सोडून दिलं.

"मासोरी जित्ती हाय, सर," त्या म्हणाल्या. "आता तुमी."

सर बनियन आणि लुंगीवर पायरीशी आले. चष्मा तसाच. शर्ट, घड्याळ आणि टॉवेल माझ्या हातात. सोबतीला सुखदेवला दिलं होतं. त्याचा दंड सरांनी असा धरला होता की त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. घोटा बुडाला, गुडघा बुडाला. कंबरेपर्यंत गेल्यावर सर थांबले. एवढा वेळ चेष्टा करणारं गाव पाळीच्या कडेशी सरकलं. त्या क्षणी मला वाटलं, परत या, झालं तेवढं पुरे. पण सर नाक दाबून खाली बसले आणि पाण्याखाली गेले.

वर आले तेव्हा चष्मा नाकावर होता, मान मागं टाकलेली. त्यांनी ओंजळभर पाणी उचललं, वास घेतला, पुन्हा घेतला. वाजंत्री सुरू झाली. एवढ्या गोंधळात सर सुखदेवकडं वळले आणि त्याला विचारलं की एवढ्या लवकर हे साफ झालंच कसं रे? मी पहिल्या पायरीवर होते, मला ऐकू आलं. शेठ माझ्या शेजारी होते, त्यांनाही आलं.

"लाईन गेली का ब्लोअर बंद पडे जी," सुखदेव पाण्याकडं बघत बोलला. "मी जनरेटरवरून शेठच्या एसीचा वायर काढून ब्लोअरले जोडला. लाईन आली का परत लावून देवो. टाकी मीच धुतलो होतो न."

शेठ टॉवेलनं तोंड पुसायचे थांबले. माझ्याकडं पाहिलं, बोडीकडं पाहिलं, जाळ्यातल्या माशांकडं पाहिलं. "मतलब महीने भर से मैं इन मछलियों के लिए पसीना बहा रहा हूँ," ते म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले. तोवर सरांना हसू आवरेना. हसता हसता चष्मा निघाला, मान मागं टाकायला उशीर झाला, आणि इतकी वर्षं झेललेला तो चष्मा बोडीत गेला.

पुढं सगळं ठीक झालं. मिल चालली, शिंगाडा निघाला, सरांनी रेघ सुधारून घेतली. मग ते निवृत्त झाले आणि लेकीकडं रायपूरला गेले. मागच्या हिवाळ्यात तिथंच वारले. त्याआधी मी त्यांना दवाखान्यात भेटले होते, पण ती भेट मी मोजत नाही. सुखदेव दर नारबोदीला टाकी आवरतो, आणि त्याआधी एक ड्रम गाळ बाजूला काढून सावलीत ठेवतो. सरांचं विरजण म्हणतो त्याला. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः माझी एखादी चाचणी चुकली की. आता चुकतात.

पण सर म्हटलं की मला ते दिसतात त्या बोडीत. कंबरभर पाणी, अंगाला चिकटलेलं बनियन, भोवती चष्म्यासाठी बुड्या मारणारी निम्म्या गावची पोरं. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. मी पायरीवर आहे हे विसरून ते समोरच्या पाळीकडं, पाळण्यांकडं तोंड करून उभे होते. त्यांना आता पाण्याची भीती उरलेली दिसत नव्हती. सुखदेवचा दंड कधीच सुटला होता. दोन्ही हात वर करून त्या पाळीकडं बघत त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, माणूस धरायचा राहिला होता गणितात. सापडलं. आलुबोंडे सांगा."

"सांगते, सर," मी पाठीमागून म्हटलं. सुखदेवनं त्यांना खांद्याला धरून माझ्या बाजूला वळवलं.